गठ्ठा सोडायचा कधी?

तिसरीच्या वर्गात ५२ वजा २७ हे गणित फळ्यावर दिलं, की बऱ्याच वह्यांत ३५ हे उत्तर सापडतं. मुलं एककाच्या घरात २ आणि ७ बघतात, मोठ्यातून लहान वजा करून ५ लिहितात. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ उरले. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात वावगं काहीच नाही, कारण मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची असंच आधीच्या वर्गात त्यांच्या मनावर ठसलेलं असतं. ज्यांचं उत्तर २५ येतं त्यांना मी मुद्दाम विचारते, "हा ५ खोडून वर ४ का लिहिलास?" उत्तर ठरलेलं असतं: "उसना घेतला म्हणून." कुणाकडून घेतला, किती घेतला, असं पुढे विचारलं की मूल गप्प होतं. एका मुलीने मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं, "शेजारच्याकडून एक घेतला." एक. दहा नव्हे. तिचं उत्तर बरोबर होतं आणि त्यामागचं काहीच तिच्या हाती लागलेलं नव्हतं.

त्या वर्षी मी ठरवलं, की गणित आणि विज्ञानातले मुख्य घटक या वर्गाने हाताने करून शिकायचे. सगळे नव्हे, मुख्य. पाढे पाठ करायचेच होते, शुद्धलेखन होतंच. पण जिथे नियम आधी येतो आणि त्यामागची गोष्ट कधीच येत नाही, अशा जागा निवडायच्या आणि तिथे भरपूर वेळ द्यायचा. पहिली जागा अर्थातच वजाबाकी.

साहित्य साधं होतं: सपाट लाकडी काड्या, रबरबँड आणि दोन फासे. दहा काड्या झाल्या की रबरबँड लावून गठ्ठा करायचा, असे दहा गठ्ठे झाले की त्यांचा मोठा गठ्ठा. चार-चार मुलांचे गट केले आणि एक खेळ दिला. फासे टाकायचे, जेवढे ठिपके येतील तेवढ्या काड्या उचलायच्या. ज्याचा मोठा गठ्ठा आधी होईल तो जिंकला. नियम एकच: कुणाच्याही समोर दहा सुट्या काड्या पडून राहता कामा नयेत. हा नियम मोडलाय का यावर इतरांचं बारीक लक्ष असायचं, त्यामुळे "तुझे दहा झाले, बांध!" हे शब्द वर्गभर ऐकू यायचे. बेरजेतला हातचा मुलांनी याआधी शेकडो वेळा लिहिला होता. तो बांधताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

मग खेळ उलटा केला. प्रत्येकाला एक मोठा गठ्ठा दिला. फाशांवर येईल तेवढ्या काड्या मधल्या डब्यात परत टाकायच्या, आधी संपवेल तो जिंकला. पहिल्याच डावात सगळे अडकले. फाशांवर ८ आले, पण समोर सुटी काडी एकही नाही. काही मुलं माझ्याकडे बघायला लागली. एकाने मोठ्या गठ्ठ्यातून आठ काड्या ओढून काढायचा प्रयत्न केला. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने एका गटातून आवाज आला, "बाई, सोडू का?" मी विचारलं, "काय सोडायचंय?" तो म्हणाला, "आधी मोठा सोडतो, मग त्यातला एक छोटा सोडतो." बाकीच्या गटांना तेवढं ऐकू येणं पुरेसं होतं.

यात दोन गोष्टी आपोआप झाल्या. गठ्ठा सोडल्याने काड्या वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत, त्या फक्त सुट्या होतात, हे मुलांच्या डोळ्यांसमोर होतं. आणि गठ्ठा कधी सोडायचा, हे सांगावं लागलं नाही. गरज पडली तेव्हाच त्यांनी तो सोडला. ५८ मधून २७ काढताना कुणीही उगाच गठ्ठा सोडला नाही. वहीत मात्र हीच मुलं गरज नसताना ५ खोडून ४ करत होती, कारण "वजाबाकीत वर खोडायचं असतं" असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

आता यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काड्यांनी बिनचूक वजाबाकी करणाऱ्या मुलांना वही काढायला सांगितली, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांनी पुन्हा ३५ लिहिलं. एका मुलाला मी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून दाखवली. बाकावर २ गठ्ठे आणि ५ काड्या, वहीत ३५. त्याला त्यात विसंगती दिसली नाही. तो म्हणाला, "ते काड्यांचं आहे, हे गणिताचं आहे."

कृतीतून शिकवण्याबद्दल जिथे जिथे बोललं जातं तिथे हे वाक्य मला आठवतं. हाताने केलं म्हणजे समजलं, असं आपण गृहीत धरतो. पण मुलाच्या दृष्टीने काड्यांचा खेळ एका खोलीत असतो, वहीतलं गणित दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार कुणीतरी उघडावं लागतं. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात शिकण्याच्या तीन रीती मांडल्या होत्या: प्रत्यक्ष कृती, चित्र आणि चिन्ह. अध्यापनाच्या अभ्यासक्रमात आम्ही हे पाठ केलं होतं. तीन रीती असतात हे ठाऊक होतं, पण एकीतून दुसरीत जायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो हे मला या वर्गाने दाखवलं.

म्हणून जोड्या केल्या. एकाने काड्या हाताळायच्या, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने काहीही करायचं नाही, समोरचा हात जे करेल तेवढंच वहीत उतरवायचं. हाताने गठ्ठा सोडला की ५ वर रेघ मारून ४ लिहायचे, आणि सुट्या काड्या २ च्या १२ झाल्या की तिथे १२ लिहायचे. हाताने गठ्ठा सोडला नाही तर वहीत खाडाखोडही नाही. मग भूमिका बदलायच्या. यात पहिल्यांदा वाद सुरू झाले, आणि ते वाद ऐकण्यासारखे होते. "तू अजून सोडला नाहीस, मी आधीच कसं खोडू?" हे वाक्य ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता दार उघडतंय.

त्यानंतर चित्रं. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, काडीसाठी ठिपका. ५२ म्हणजे पाच रेघा, दोन ठिपके. एक रेघ खोडून तिच्याजागी दहा ठिपके काढायचे. मग काड्या रुमालाखाली झाकून ठेवल्या आणि न बघता सांगायचं, आत काय चाललंय. शेवटी फक्त आकडे. काही मुलं चित्राची पायरी लगेच ओलांडून गेली, काही तिथे बरेच दिवस रेंगाळली. रेंगाळणाऱ्यांना मी घाई केली नाही. ३०२ वजा १४७ आलं तेव्हा याच रेंगाळणाऱ्यांनी ते सहज सोडवलं: सुट्या काड्या दोनच, छोटा गठ्ठा एकही नाही, म्हणून मोठा सोडला, दहा छोटे झाले, त्यातला एक सोडला, नऊ उरले. मधल्या शून्याच्या जागी ९ कुठून येतो हे मी स्वतः शाळेत असताना नियम म्हणून शिकले होते. इथे नऊ गठ्ठे समोर पडलेले होते.

साहित्याबद्दल एक मत मांडते. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतल्या सोनेरी मण्यांत सुटा मणी, दहा मण्यांची दांडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन असतो. झोल्टान डीन्स या गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे लाकडी ठोकळेही तसेच. दोन्ही उत्तमच आहेत, आणि हजार म्हणजे किती हे त्या घनाइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही; काड्यांचा हजार कुणी करत बसणार नाही. पण दहाची दांडी सोडता येत नाही, ती देऊन दहा सुटे मणी बदलून घ्यावे लागतात. ज्या मुलाने स्वतः गठ्ठा बांधलेला आणि सोडलेला नाही त्याला ही अदलाबदल पुन्हा एक नियमच वाटते. म्हणून माझ्या वर्गात आधी काड्या, ठोकळे नंतर. उलट क्रमाने शिकवायला मी तरी जाणार नाही.

काड्या पुढे भागाकारालाही कामी आल्या. एका मुलीने विचारलं, "बाई, बेरीज-वजाबाकी उजवीकडून करायची, मग भागाकार डावीकडून का?" हा प्रश्न मोठ्या माणसांनाही विचारून बघावा. मी म्हटलं, "९६ काड्या चौघांत वाटा, दोन्ही बाजूंनी वाटून बघा." गठ्ठ्यांपासून सुरुवात केली तर प्रत्येकाला दोन गठ्ठे मिळाले, एक उरला, तो सोडला, सुट्या १६ झाल्या, प्रत्येकाला ४. उत्तर २४. सुट्यांपासून सुरुवात केली तर सहातल्या चार वाटल्या, दोन उरल्या. मग गठ्ठे वाटले, एक उरला, तो सोडला, आता सुट्या १२, त्या पुन्हा वाटायच्या, प्रत्येकाला आणखी ३. उत्तर तेच, पण सुट्या काड्या दोनदा वाटाव्या लागल्या. "डावीकडून केलं तर परत मागे जावं लागत नाही," असं त्या मुलीने सांगितलं आणि ते वाक्य तिच्याच अक्षरात भिंतीवर लागलं.

गोंगाटाबद्दल लोक विचारतात. गोंगाट होतो. हातात वस्तू असलेली चाळीस मुलं शांत बसणार नाहीत. मला उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी सांगते. साहित्य वाटायच्या आधी प्रश्न द्यायचा, वाटल्यावर नाही. काड्या हातात आल्यावर शिक्षकाचं कुणी ऐकत नाही. आणि आवरायला तासाची शेवटची पाच मिनिटं पक्की राखून ठेवायची. प्रत्येक गटाला एक ट्रे, ट्रेवर आत काय आणि किती हे लिहिलेलं, परत देताना मुलांनीच मोजायचं. हे मोजणंसुद्धा गणितच आहे.

अपूर्णांकांसाठी कागदाच्या पट्ट्या घेतल्या, प्रत्येकी २४ सेंटीमीटर लांब. २४ मुद्दाम, कारण त्याचे दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा समान भाग पूर्ण सेंटीमीटरात पडतात. पण आधी मोजपट्टी वापरायची नाही, फक्त घड्या घालायच्या. अर्धा, पाव, आठवा भाग सहज झाला. तिसऱ्या भागापाशी सगळे थांबले, कारण अर्ध्याच्या घड्या घालत गेलं तर तिसरा भाग कधीच येत नाही. कुणी अंदाजाने घडी घातली, एक भाग बारका राहिला. "हा तिसरा भाग आहे का?" "भाग तीन आहेत." "पण समान आहेत का?" अपूर्णांकाच्या व्याख्येतला 'समान' हा शब्द एरवी मुलं म्हणून टाकतात, इथे तो शब्द त्यांना अडवत होता. शेवटी पट्टी हलकेच दोनदा वळवून, कडा जुळेपर्यंत मागेपुढे सरकवून मग दाबायची, ही युक्ती एका गटाला सापडली आणि ती तासाभरात सगळीकडे पसरली.

एका गटाला मी न सांगता जरा लांब पट्ट्या दिल्या होत्या. सगळ्यांचे अर्धे भाग शेजारी ठेवले तेव्हा ते जुळेनात. "यांचं चुकलंय," असं आधी सगळे म्हणाले. मग घड्या तपासल्या, त्या बरोबर निघाल्या. खूप चर्चेनंतर कुणीतरी म्हणालं, "यांची अख्खी पट्टीच मोठी आहे." अर्धा म्हणजे कशाचा अर्धा, हा प्रश्न पुढे वर्षभर मुलं एकमेकांना विचारत राहिली.

एकतृतीयांश मोठा की एकचतुर्थांश, यावर घड्या घालण्याआधी बहुतेकांचं मत चतुर्थांशाच्या बाजूने होतं, कारण ४ मोठा. पट्ट्यांनी ते लगेच फिटलं. पण दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांत मोठा कोण, हे ठरवताना एका मुलाने जे केलं ते मी त्याला शिकवलेलं नव्हतं. त्याने रंगवलेले भाग बघितलेच नाहीत, कोरा राहिलेला भाग बघितला. "इथे एक तृतीयांश उरलाय, तिथे एक चतुर्थांश. कमी उरलाय तो मोठा." समच्छेद करण्याची रीत अजून दोन वर्षं पुढे होती. त्याला तिची गरज पडली नाही.

गोल चकत्यांपेक्षा पट्ट्या मला जास्त पसंत आहेत. गोलाचे तीन समान भाग मुलाला हाताने करता येत नाहीत, आयते कापून द्यावे लागतात. शिवाय पट्टी जमिनीवर ओळीने लावत गेलं की तिची संख्यारेषा होते, एकाच्या पुढे पाच चतुर्थांश कुठे येतो ते दिसतं. गोलाला असं पुढे जाता येत नाही.

परिमिती आणि क्षेत्रफळ एकाच पाठात येतात आणि मुलांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. त्यासाठी दोऱ्याची फास केली, एकूण लांबी पुन्हा २४ सेंटीमीटर. दोन मुलांनी चार बोटांनी ती चौकटीच्या कागदावर ताणून आयत करायचा, आणि आतल्या एक सेंटीमीटरच्या चौकटी मोजायच्या. आधी अंदाज विचारला: आयताचा आकार बदलला तर आतल्या चौकटी बदलतील का? जवळजवळ सगळे म्हणाले, नाही, दोरा तोच आहे.

मग आकडे यायला लागले. ११ बाय १ मध्ये ११ चौकटी. १० बाय २ मध्ये २०. ९ बाय ३ मध्ये २७. मुलं पुन्हा मोजत होती, विश्वास बसत नव्हता. ८ बाय ४ मध्ये ३२, ७ बाय ५ मध्ये ३५, आणि ६ बाय ६ मध्ये ३६. फळ्यावर तक्ता झाला तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "वाढ कमी कमी होतेय. नऊ, सात, पाच, तीन, एक." मी फळ्याकडे वळून बघितलं, ती म्हणत होती ते खरं होतं. वर्गात थोडा वेळ फक्त त्या वाढीबद्दलच बोलणं झालं. पुढे काय येईल? ५ बाय ७. "तो तर झालाच आहे, फक्त आडवा." मग दुसऱ्या दिवशी उलट काम दिलं: १२ चौकोनी तुकडे, ते जोडून वेगवेगळे आयत करा आणि कडेने दोरा फिरवा. ४ बाय ३ ला १४, ६ बाय २ ला १६, १२ बाय १ ला २६. या दोन कृतींनंतर "परिमिती सारखी म्हणजे क्षेत्रफळ सारखं" हे वाक्य त्या वर्गात मला पुन्हा ऐकू आलं नाही.

अंदाजाबद्दल इथेच सांगते, कारण तो प्रत्येक कृतीत होता. कृतीच्या आधी प्रत्येकाने अंदाज वहीत पेनने लिहायचा. पेन्सिलीने नाही, म्हणजे नंतर खोडता येत नाही. अंदाज चुकला तर त्याला गुण नाहीत आणि बोलणीही नाहीत. अंदाज लिहिलेलं मूल निकालाकडे वेगळ्या नजरेने बघतं, कारण त्याने त्यात स्वतःचं काहीतरी गुंतवलेलं असतं. नुसतं "बघा आता काय होतं" म्हटलं की मुलं गंमत बघतात.

विज्ञानात बी रुजवण्याची कृती सगळ्याच शाळांत होते. ओल्या कापसावर दाणे ठेवायचे, मोड आले की चित्र काढायचं. मला ती तिथेच संपवायची नव्हती. काचेच्या बरण्या घेतल्या, आतून ओला टिपकागद लावला आणि कागद आणि काच यांच्या मध्ये रात्रभर भिजवलेले राजम्याचे दाणे ठेवले. काही सरळ, काही उलटे, काही आडवे. प्रश्न: मूळ कुठल्या दिशेला जाईल? बहुतेकांचं म्हणणं, उलट्या दाण्याचं मूळ वर जाईल. तसं चित्रही त्यांनी आधीच काढलं.

मूळ आधी बाहेर येतं, खोड नंतर. हेच अनेकांना नवीन होतं. उलट्या दाण्याचं मूळ बाहेर आलं, थोडं वर गेल्यासारखं वाटलं आणि मग वळून खाली निघालं. सगळ्या दाण्यांचं मूळ खाली. तेव्हा एका मुलाने बरणीच आडवी करू या असं सुचवलं. केली. मुळाचं टोक पुन्हा वळलं आणि मूळ काटकोनात वाकलेलं दिसायला लागलं. "त्याला खालची बाजू कशी कळते?" हा प्रश्न आला तेव्हा मी त्यांना थॉमस नाइट या इंग्रज अभ्यासकाची गोष्ट सांगितली. १८०६ साली त्याने पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या होत्या. चाक वेगाने फिरत असताना मुळं बाहेरच्या बाजूला वाढली आणि अंकुर मध्याकडे. म्हणजे मूळ पाणी शोधत किंवा अंधार शोधत खाली जातं एवढंच नाही, त्याला ओढ जाणवते. तिसरीच्या मुलांना यातलं सगळं समजलं असं मी म्हणणार नाही, पण माणसाने दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता आणि त्यासाठी चाक फिरवलं होतं, हे त्यांना फार आवडलं.

एक बरणी बंद कपाटात ठेवली होती. बी रुजायला ऊन लागतं, असं मुलांचं ठाम मत. कपाटातले दाणेही रुजले, आणि त्यांचे अंकुर बाहेरच्यांपेक्षा उंच, पण फिकट आणि लुळे होते. दाण्याच्या दोन जाड दलांत सुरुवातीपुरतं अन्न साठवलेलं असतं, हे मग दाणा सोलून पाहताना कळलं. या कृतीतून एक शिस्तही आली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कपाटातल्या बरणीत पाणी कमी घातलं असतं तर फरक अंधारामुळे पडला की पाण्यामुळे, हे सांगता आलं नसतं. हे मी सांगायच्या आधी मुलांनीच भांडणातून काढलं, कारण एका गटाने दोन बरण्यांत वेगवेगळ्या जातीचे दाणे घातले होते आणि दुसरा गट ते मान्य करेना.

हीच शिस्त लंबकाला लागू झाली. दोऱ्याला लोखंडी नट बांधला, उंचावर टांगला. एका मिनिटात किती हेलकावे होतात? नट दोन बांधले तर? दोरा आखूड केला तर? जड लंबक जोरात हलेल, हा अंदाज जवळजवळ सगळ्यांचा. दोरा एक मीटरचा असताना मिनिटात साधारण ३० पूर्ण हेलकावे होतात, मग एक नट असो की तीन. २५ सेंटीमीटरला साधारण ६०. पण गटांचे आकडे २८, ३०, ३१ असे आले आणि लगेच "कुणाचं बरोबर?" सुरू झालं. या प्रश्नाला मी एक पूर्ण तास दिला, आणि तो तास मला वाया गेला असं वाटत नाही. कुणी मोजायला उशिरा सुरुवात केली, कुणी अर्धा हेलकावा पूर्ण धरला, कुणाचा दोरा नट बांधताना आखूड झाला होता. सगळ्यांनी मिळून ठरवलं: गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत लांबी मोजायची, एकाने घड्याळ बघायचं, दोघांनी वेगवेगळं मोजायचं. पुढच्या वेळी आकडे जवळ आले.

वर्षाच्या मध्यावर पालकांच्या बैठकीत अपेक्षित प्रश्न आला: वह्या रिकाम्या का आहेत? प्रश्न रास्त आहे. वहीत भरलेली पानं दिसली की मूल शिकतंय याची खात्री पटते. मी मुलांच्या कृतिवह्या आणल्या होत्या, त्यांत अंदाज, चित्रं, तक्ते, मुलांच्या शब्दांतली कारणं होती. पण त्या दाखवण्याआधी पालकांनाही काड्या दिल्या आणि ५२ वजा २७ करायला सांगितलं, प्रत्येक पायरीचं कारण देत. एक बाबा बराच वेळ गठ्ठा हातात धरून बसले आणि म्हणाले, "म्हणजे तो उसना दहाचा होता." नंतर त्यांनीच शेजारच्यांना समजावलं.

अभ्यासक्रम पूर्ण होतो का, हाही प्रश्न असतो. वजाबाकी आणि अपूर्णांकांना नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ गेला. तो वेळ सरावाच्या उदाहरणांतून काढला. पानभर सारख्या वजाबाक्या घालणं मी बंद केलं. काही घटक मी मुद्दाम कृतीशिवाय शिकवले. घड्याळ वाचणं, दिनदर्शिका, संख्यांची वाचन-लेखनं यांना समजावून सांगणं आणि सराव पुरतो. प्रत्येक पाठाला काहीतरी कापायचं-चिकटवायचंच, असा आग्रह धरला की मुलांचा वेळ डिंक वाळवण्यात जातो आणि विचार करायला जागा राहत नाही. ज्या कृतीत मुलाला स्वतः काही ठरवावं लागत नाही ती मी सोडून देते, मग ती कितीही सुबक दिसो.

परीक्षेत दोन प्रकारचे प्रश्न घातले. एक नेहमीचा. दुसऱ्यात कुणीतरी केलेलं गणित दिलं, उत्तर ३५ आलेलं, आणि विचारलं: याने कुठे काय केलं ते चित्र काढून समजाव. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका तपासायला मला जास्त वेळ लागला, पण कोण कुठे उभं आहे ते त्यांतूनच कळलं.

आता हाच वर्ग चौथीत जातोय आणि मी त्यांच्यासोबत जाणार आहे. धारकतेपासून सुरुवात करायचं ठरवलंय. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर एका बुटक्या पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतून दाखवलं होतं, आणि लहान मुलं उंच पेल्यात पाणी जास्त आहे असं सांगत. चौथीची मुलं त्यापलीकडे गेलेली असतात, पण लिटर आणि सेंटीमीटर यांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून कार्डशीटचा डबा करायचा, लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० सेंटीमीटर, आत प्लास्टिकची पातळ पिशवी. त्यात किती लिटर पाणी मावेल याचे अंदाज पेनने लिहायचे, आणि मग मापाने ओतायचं.